अस्तरपेशींत रक्त गोठवणारी प्रथिने नेमकी कुठे असतात?

कुडाळच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की ही प्रथिने यकृतात तयार होतात असे पुस्तक सांगते, तर मग रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत ती कुठे सापडतात? पुस्तक बहुतांशी बरोबर आहे. फायब्रिनोजेन, प्रोथ्रोम्बिन ही गोठवणारी प्रथिने यकृतातच बनतात आणि रक्तात मोकळी फिरतात. अस्तरपेशींचे स्वतःचे मुख्य प्रथिन म्हणजे फॉन विलेब्रँड फॅक्टर.

एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या जाळ्यात, त्याचे रेणू जोडीजोडीने बांधले जातात, गॉल्जी या पेशीतल्या पुढच्या भागात त्या जोड्यांच्या लांब साखळ्या होतात आणि त्या सुंभाच्या गुंडाळीसारख्या घट्ट आवळून पेशीद्रवातल्या काडीच्या आकाराच्या पिशव्यांत साठवल्या जातात. एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पलाडे यांनी १९६४ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना वायबेल-पलाडे बॉडीज म्हणतात. त्यांची लांबी १ ते ५ मायक्रोमीटर आणि जाडी ०.१ ते ०.२ मायक्रोमीटर असते. प्रोथ्रोम्बिनपासून बनणाऱ्या थ्रोम्बिनचा किंवा इजा झाल्यावर सुटणाऱ्या हिस्टामिनचा इशारा मिळताच पिशवी पेशीच्या पृष्ठभागाशी येऊन उघडते, साखळी वाहत्या रक्तात ताणली जाते आणि तिला प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या गोठण्यास मदत करणाऱ्या बारीक पेशी, चिकटतात. फॉन विलेब्रँड आजार, म्हणजे हे प्रथिन कमी किंवा सदोष असणे, सौम्य असेल, तर दात काढण्याआधी डेस्मोप्रेसिन हे औषध देतात ते हाच साठा मोकळा करण्यासाठी.

आठवा फॅक्टर या आणखी एका गोठवणाऱ्या प्रथिनाबाबत मात्र ‘यकृतात’ एवढेच म्हणणे मला अपुरे वाटते. तो मुख्यतः यकृतातच, पण तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत बनतो. रक्तात त्याला फॉन विलेब्रँड फॅक्टरच सांभाळतो, म्हणून त्या आजाराच्या तीव्र प्रकारात आठवा फॅक्टरही घटतो.

गोठण्याची ठिणगी टाकणारा टिश्यू फॅक्टर निरोगी अस्तराच्या रक्ताकडच्या बाजूवर नसतो. तो अस्तराखालच्या पेशींवर असतो. वरच्या पृष्ठभागावर उलट थ्रोम्बोमोड्युलिनसारखे गोठणे आवरणारे प्रथिन असते.

आपल्या कोकणात हे समजून घेणे विशेष गरजेचे आहे, कारण फुरशाचे विष टिश्यू फॅक्टरची वाट न पाहता प्रोथ्रोम्बिन थेट सक्रिय करते, त्यामुळे फायब्रिनोजेन संपत जाते आणि रक्त गोठेनासे होते. रक्त गोठते का हे तपासण्यासाठी दंश झालेल्याचे २ मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी एकदाच कलती करून पाहतात. ही नळी काचेचीच हवी, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागामुळे होते. प्लास्टिकच्या नळीत निरोगी रक्तही पातळ राहू शकते आणि निदान चुकते.