वाचकांचे प्रश्न : माणसाच्या अंगावर केस इतके कमी का?

प्रश्न : चिंपांझी आणि गोरिला केसाळ असतात. त्यांच्याच कुळातल्या माणसाच्या अंगावरचे केस का गेले?

केस गेलेले नाहीत, बारीक झाले आहेत. दंडाची आतली बाजू तिरप्या उजेडात धरून भिंगातून पाहा. नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत वाटणाऱ्या कातडीवर मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीची, जवळजवळ बिनरंगी लव दिसेल. माणसाच्या अंगावर सुमारे ५० लाख केसमुळं असतात आणि त्यातली जेमतेम एक लाख डोक्यावर. दर चौरस सेंटिमीटरला किती केसमुळं आहेत हे मोजलं, तर माणूस आणि चिंपांझी जवळपास सारखेच भरतात. आपलं केसमूळ मात्र लहान, त्यातून येणारा केस बारीक आणि त्याची वाढ लवकर थांबणारी.

घामाच्या ग्रंथींकडे वळलं की खरा फरक कळतो. पाण्यासारखा पातळ घाम सोडणाऱ्या ग्रंथी बहुतेक सस्तन प्राण्यांच्या फक्त तळपायांवर असतात. कुत्र्या-मांजरांच्या पंजाच्या गाद्या ओलसर लागतात त्या यामुळेच. आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या आणि कपींच्या अंगभर त्या पसरल्या, पण विरळ. माणसात त्यांची दाटी चिंपांझीच्या सरासरी दहापट आहे. एकूण संख्या २० ते ४० लाख. २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की ईएन१ या जनुकाला चालना देणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात माणसात अनेक बदल साचले आणि त्यांचा संबंध या वाढीव ग्रंथींशी आहे.

एवढ्या घामाची गरज काय, ते हिशेबाने पाहू. ६० किलो वजनाचा माणूस ताशी १० किलोमीटर वेगाने धावला तर तासाला साधारण ६०० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातल्या ४५० तरी उष्णता होऊन बाहेर पडायला बघतात. त्या अंगातच अडकल्या तर शरीराचं तापमान तासाभरात आठ-नऊ अंशांनी चढेल. म्हणजे त्याआधीच माणूस कोसळेल. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे पाऊण-एक लिटरमध्ये काम भागतं, आणि माणूस तासाला एक-दोन लिटर घाम सहज गाळू शकतो.

यात ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे. टपकून गेलेला घाम काहीच थंड करत नाही, नुसतं पाणी आणि मीठ वाया जातं. दमट हवेत माणूस घामाने निथळतो तरी तापतो, त्याचं कारण हेच. दाट केसांतही असाच घोटाळा होतो. केसांत अडकलेली हवा दमट होते, घाम कातडीवर वाळण्याऐवजी केसांच्या टोकांवर वाळतो आणि उष्णता कातडीऐवजी आसपासच्या हवेतून खेचली जाते. थोडक्यात, घाम गाळणाऱ्या प्राण्याला जाड केस परवडत नाहीत.

उलट बाजूही आहे. केस ऊन अडवतात, त्यामुळे उघडी कातडी दिवसा जास्त तापते आणि रात्री जास्त गारठते. या आक्षेपाला ब्रिटिश संशोधक पीटर व्हीलर यांनी १९८०च्या दशकात उत्तर दिलं, ते दोन पायांवरच्या चालीवरून. माथ्यावरचं ऊन चार पायांच्या प्राण्याच्या अख्ख्या पाठीवर पडतं. ताठ उभ्या माणसाच्या मात्र डोक्यावर आणि खांद्यांवरच. पुढे २०११ मध्ये रक्सटन आणि विल्किन्सन यांनी हे गणित नव्याने मांडलं. त्यांच्या मते ताठ चाल इतर कारणांनी आधीच आली असावी, आणि केस पुरेसे कमी होऊन घाम वाढल्यावरच भर दुपारी उघड्यावर हिंडणं जमू लागलं. आम्हालाही हाच क्रम पटतो. रात्रीच्या गारठ्याची किंमत मात्र चुकवावी लागलीच.

प्रश्न : घोड्यालाही भरपूर घाम येतो. त्याचे केस का नाही गेले?

घोड्याने वेगळी वाट काढली. त्याच्या घामात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं. साबणासारखं ते पाण्याचा ताण कमी करतं, त्यामुळे घाम केसांना भिजवत बाहेरपर्यंत पसरतो. दौडलेल्या घोड्याच्या मानेवर, खोगिराखाली फेस दिसतो तो याचाच. तरीही मर्यादा आहेच. थंडीत केस दाट झालेल्या घोड्याकडून मेहनतीचं काम घ्यायचं असेल तर जाणकार त्याचे केस कातरतात. नाहीतर तो तापतो आणि काम संपल्यावर तासन् तास ओला राहून गारठतो. ज्यांना असा घामच नाही त्यांची भिस्त धापा टाकण्यावर. पण चौखूर धावताना श्वास पावलांच्या तालाला बांधलेला असतो, त्यामुळे धावता धावता धापा टाकणं त्यांना जमत नाही.

प्रश्न : माणूस कपडे घालू लागला म्हणून केस झडले, हे खरं का?

नाही. वापर थांबला म्हणून अवयव झिजला आणि ती झीज पोरांत उतरली, असं उत्क्रांतीत होत नाही. शिवाय काळही जुळत नाही. इतक्या जुन्या कातडीचे अवशेष हाती लागत नाहीत, म्हणून पुरावे आडवाटेने घ्यावे लागतात. चिंपांझीची केसांखालची कातडी फिकी असते. केस गेल्यावर उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचावाला गडद कातडी लागते. तिच्याशी निगडित एमसी१आर या जनुकाच्या अभ्यासातून २००४ मध्ये असा अंदाज निघाला, की आपल्या पूर्वजांत गडद कातडी किमान १२ लाख वर्षांपूर्वी रुळलेली होती. कपड्यांचा अंदाज उवांवरून येतो. अंगावरची ऊ कपड्यांच्या शिवणीत राहते आणि ती डोक्यातल्या उवेपासून वेगळी झाली. ही फारकत २००३च्या अभ्यासात लाखभर वर्षांच्या आसपासची निघाली, तर २०११च्या अभ्यासात सुमारे १ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची. आकडे पुढेमागे होतील, पण मधली दहा लाख वर्षं काही भरून निघत नाहीत.

(जांघेतली ऊ गोरिलाच्या उवेची जवळची नातेवाईक आहे आणि दोघी ३०-४० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. यावरून माणूस तेव्हाच केसविरहित होता असं काही जण सांगतात. ती उडी जरा लांबची आहे.)

प्रश्न : मग डोक्यावर, काखेत आणि जांघेत केस का उरले?

डोक्याचं कारण स्पष्ट आहे. ताठ माणसाचा सर्वात जास्त ऊन खाणारा भाग तोच, आणि मेंदूला ताप सोसत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तापवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर सरळ, मध्यम कुरळ्या आणि घट्ट कुरळ्या मानवी केसांचे टोप बसवून, त्यावर दिव्यांचं ‘ऊन’ आणि वारा सोडला. कोणत्याही केसांनी डोक्यापर्यंत पोचणारी उष्णता घटली. घट्ट कुरळे केस सर्वात सरस ठरले.

काख आणि जांघ यांच्याबाबत पुरावा पातळ आहे. तिथल्या वेगळ्या, दाट स्रावाच्या ग्रंथी आणि केस दोन्ही वयात येताना जागे होतात, म्हणून शरीरगंधाशी संबंध जोडतात. घर्षण कमी होतं असंही म्हणतात. दाढीचं श्रेय डार्विनने १८७१ मध्ये जोडीदाराच्या निवडीला दिलं होतं. त्यात तथ्य असावं, पण अंगावरची सगळी लव त्याने उलगडत नाही. एक गोष्ट मात्र नक्की : मुलाच्या हनुवटीवरची लव संप्रेरकांमुळे दाढी बनते तेव्हा नवी केसमुळं उगवत नाहीत, जुनीच मोठी होतात.

प्रश्न : आपले पूर्वज पाण्यात राहत, म्हणून केस गेले, असं वाचलं. पटतं का?

नाही. ॲलिस्टर हार्डी यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. पण पाण्यात-जमिनीवर ये-जा करणाऱ्या आपल्या आकाराच्या किंवा लहान सस्तन प्राण्यांकडे पाहा : पाणमांजर, बीव्हर, फर सील. सगळे दाट केसांचे. समुद्री पाणमांजराचे केस तर सस्तन प्राण्यांत सर्वात दाट. केस गेले ते जमीन पूर्ण सोडलेल्या देवमाशांचे, किंवा टनावारी वजनाच्या पाणघोड्यासारख्यांचे.

प्रश्न : उरलेल्या लवेचा काही उपयोग आहे का?

ऊब जवळजवळ नाही. थंडीने काटा येतो तेव्हा केसमुळाला जोडलेला बारीक स्नायू केस उभा करतो, पण हवा धरून ठेवायला केसच पुरत नाहीत. स्पर्शाचं काम मात्र ती चोख करते, कारण प्रत्येक केसमुळाभोवती चेतातंतूंचं वेटोळं असतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांचा एक हात भादरला, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्हींवर भुकेले ढेकूण सोडले. लव असलेल्या हातावर ढेकणाला चावायची जागा शोधायला जास्त वेळ लागला, आणि तो फिरतोय हे माणसाला लवकर कळलं. चावण्याआधीच त्याला उचलून बाजूला करण्यात आलं.