आडवी बाटली आणि सत्यनारायण

पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, लगेच टाईप करायला घेतलं पण चष्मा सापडेना म्हणून आता सकाळी लिहितोय. सरपंच झालीस, शिक्का हातात आला आणि पहिल्याच महिन्यात देवळाचा सभामंडप, मशिदीचा भोंगा आणि सप्त्याचा स्पीकर असं तिन्ही एकदम पुढ्यात आलं, आणि तू विचारतेस, भाऊसाहेब, धर्म ग्रामपंचायतीत आणायचाच नाही असं ठरवून टाकू का? नको ठरवू. जमणार नाही ते, आणि खरं सांगू का, बरोबरपण नाही.

मी ग्रामसेवक असताना एका गावात दारूबंदीचं मतदान झालं, उभी बाटली आडवी बाटली. नियम कडक, एक चतुर्थांश बायकांनी सह्या करून मागणी करायची आणि मग एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद, म्हणजे जी मतदानाला आलीच नाही ती उभ्या बाटलीच्याच बाजूनं धरल्यासारखी. त्यामुळं घराघरात फिरावं लागलं. माळकरी म्हातारे अभंग म्हणत फिरले, मशिदीत जुम्म्याला दारू हराम आहे म्हणून सांगितलं गेलं, बौद्ध वस्तीतल्या बायकांनी पंचशीलातलं पाचवं शील काढलं. आणि ग्रामसभेत माईक हातात आला तेव्हा एक बाई उठून म्हणाली, माझा नवरा ऊसतोडीची उचल त्या दुकानात देऊन येतो, पोरीला वह्या घ्यायला पैसे नाहीत, कुणाला खोटं वाटत असेल तर घरी येऊन डबे उघडून बघा. सगळी सभा गप. घरातनं निघताना प्रत्येक जण आपापला देव घेऊन निघाला होता, पण सभेत जे बोलला ते शेजारच्याला तपासून बघता येत होतं. आमच्या ग्रंथात लिहिलंय म्हणून दुकान बंद करा असं कुणी म्हणलं असतं तर दुसऱ्यानं विचारलंच असतं, तुझा ग्रंथ मी का मानू? आणि त्याचं चुकलं नसतं.

म्हणून तू मंगळवार करतेस तो कर, कपाळाला कुंकू लाव, जत्रेत पालखीला खांदा दे, सरपंच झाली म्हणून लपवायचं काही कारण नाही. शिक्क्याचं मात्र वेगळं आहे, आणि ते मी चुकून शिकलो.

एका गावात ऑफिसची नवी इमारत झाली. मीच पुढाकार घेऊन आत सत्यनारायण घातला, कुणाला विचारायचं असतं हे डोक्यातपण आलं नाही. आमचा शिपाई बौद्ध होता, सकाळपासून खुर्च्या, सतरंज्या सगळं त्यानं केलं आणि पूजा सुरू झाल्यावर बाहेर पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभा राहिला. मी प्रसाद घेऊन गेलो तर म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या घरी घातला असता तर मी वाढायलापण आलो असतो. हे हाफिस माझंबी हाय न्हवं?" मी काहीतरी पुटपुटलो आणि शिऱ्याचा द्रोण तसाच परत आणला. ज्या बाबासाहेबांचं नाव १९०० साली शेजारच्या साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, त्यांनी १९५६ ला नागपूरला हिंदू देवांची पूजा करणार नाही यासारख्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, हे मला पाठ होतं हो, पण त्या प्रतिज्ञा पाळणारा माणूस रोज मला चहा आणून देतो हे लक्षात नव्हतं.

आता तुझा सभामंडप. घटनेचं २७ वं कलम काढून बघ, एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. घरपट्टी पाणीपट्टी सगळं गाव भरतं, त्यातनं कळस नको, त्याला लोकवर्गणी काढा आणि तू स्वतःच्या पर्समधनं पहिली पावती फाड. जत्रेला दिवे, पाण्याचा टँकर, संडास हे मात्र बिनधास्त कर, तहान कुठल्या धर्माची नसते आणि तेच उरुसालापण कर, तेवढंच आणि तसंच. क वर्ग तीर्थक्षेत्राला सरकार निधी देतंच की, तोपण बघायचा तर रस्ता आणि भक्तनिवासावर किती गेला ते बघायचं.

भोंग्याचं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. २००० सालचा ध्वनीचा नियम रात्री १० ते सकाळी ६ सगळ्यांना सारखाच आहे, त्यात भजनपण आलं आणि अजानपण आली. तू फक्त मशिदीला नोटीस काढून सप्ता विसरलीस तर नियम तुझ्या बाजूनं असूनही तुझं तोंड काळं होईल. दोन्हीकडच्या पाच पाच माणसांना एकाच दिवशी, एकाच टेबलावर बोलव, चहा ऑफिसचा.

आणि कुणी तुला म्हणेल की आपल्या सांगली जिल्ह्यात काळजी नाही, कडेगावला मोहरमच्या ताबुतांत हिंदूंचेपण ताबूत असतात, गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. खरं आहे, अभिमानपण वाटतो. पण त्याच जिल्ह्यात मिरज आहे, जिथं मीरासाहेबांच्या दर्ग्यात थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि तिथं गाणं ऐकायला सगळे मांडीला मांडी लावून बसतात, आणि त्याच मिरजेत २००९ ला गणपतीत एका कमानीवरनं दंगल पेटली. भाषणात कडेगाव सांगणारे लोक मिरज गाळतात, तू गाळू नको.

पुढं मोठ्या इलेक्शनला उभी राहिलीस तर, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की उमेदवाराच्याच काय, मतदाराच्यापण धर्माच्या नावानं मत मागायचं नाही. विरोधात गेलेल्या त्या तीन जजांचं म्हणणं होतं की धर्मामुळं जातीमुळं ज्यांनी सोसलंय त्यांना ते प्रचारात बोलूच द्यायचं नाही का? मला निकाल पटतो, पण टाकीजवळचा तो शिपाई आठवला की ते तिघंपण पटतात. तू विचार कर, मला अजून नीट सुटलेलं नाही.

शुक्रवारच्या मासिक सभेच्या अजेंड्यावर सभामंडप शेवटी ठेव, आधी पाण्याच्या मोटारीचा विषय घे. आणि सात ते आठ माझा हरिपाठ असतो, तेव्हा फोन करू नकोस.

तुझा,
भाऊसाहेब