यादीत आहे, शोधलं की नाही
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाची मराठी यादी जुन्या फॉन्टात आहे, कन्नड यादी जुन्या नुडीत (कन्नड टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरात). नव्या ग्रंथालय प्रणालीत चढवली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली. हाताने भरलेलीही काही नावं शोधात येत नाहीत. काय करावं?

उत्तर : जुन्या फॉन्टात ‘क’ फक्त दिसतो, फाइलीत त्या जागी रोमन अक्षर वा चिन्हच असतं. त्यामुळे नुसता फॉन्ट बदलून काही होणार नाही, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, उतरवावा लागेल. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणून आधी फॉन्टचं नेमकं नाव बघा. मराठी आणि कन्नड ओळी वेगळ्या करा. एकाच परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) दोन्ही काढल्यात तर निस्तरता येणार नाही. पहिल्यांदा 50 ओळीच घ्या. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराआधी टंकतात, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. ‘किल्ला’चा घोळ इथेच होतो.

हाताने भरलेल्या नावांचं दुखणं निराळं. ‘दुसऱ्या’तला ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिता येतो : नुक्त्याचा ऱ अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. पहिली तऱ्हा ठरवा आणि सगळीकडे शोधा-बदला चालवा.

कन्नड न वाचता येणाऱ्या ग्रंथपालाची एक सोय आहे. दोन्ही लिप्यांची युनिकोड मांडणी इस्की या भारतीय लिप्यांच्या संगणकीय मानकावर बेतलेली, म्हणून कन्नड ‘क’ देवनागरी ‘क’च्या बरोबर 896 घरं पुढे आहे. अक्षरांच्या क्रमांकातून तेवढे वजा केले की शीर्षक देवनागरीत वाचता येतं. मात्र कन्नडमधला ए ऱ्हस्व आणि दीर्घ असा दोन प्रकारचा. आपल्याच बेळगावचं कन्नड नाव असं उतरवलं तर ‘बॆळगावि’ येतं, आणि ही ऱ्हस्व मात्रा मराठी लेखनात वापरत नाहीत. ऱ्हस्व ए-ओ आणि त्यांच्या मात्रा नेहमीच्या ए-ओंत बदलून घ्या, पण वेगळ्या रकान्यात. मूळ कन्नड शीर्षकाला हात लावू नका.

यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी फाइल) करताना ‘युटीएफ-8’ निवडा. मार्क 21 (ग्रंथालयांमधल्या देवाणघेवाणीचा नोंदनमुना) नोंदी पाठवायच्या असतील तर नोंदीच्या सुरुवातीच्या शीर्षपट्टीत (लीडरमध्ये), शून्यापासून मोजून, नवव्या जागी लहान रोमन ‘a’ हवा. ती जागा कोरी राहिली तर समोरची प्रणाली मजकूर मार्क-8 या जुन्या अक्षरपद्धतीतला समजते आणि पुन्हा खिचडी.