साडेनऊचा फोन

मडगावला बँकेत नोकरी करणाऱ्या ४४ वर्षांच्या एक वाचक लिहितात: "माहेर डिचोली तालुक्यातलं. वडील नाहीत. धाकटा भाऊ खाणीवर स्वतःचा टिपर चालवायचा. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हापासून त्याचं बस्तान बसलेलंच नाही. टिपर विकून पिकअप घेतली. कर्जाला जामीन मी, आणि ९,५०० रुपयांचा हप्ताही मीच भरते. गाडी आठवड्यातले चार दिवस दारातच असते. संध्याकाळचं पिणं वाढलंय, बायकोशी भांडणं होतात. कितीदा समजावलं, ऐकत नाही. आता तर माझा फोनही उचलत नाही. आईचे हाल बघवत नाहीत. रोज रात्री साडेनऊला तिचा फोन येतो, तेवढंच तिचं मन मोकळं होतं. हप्ता बंद करू का? आईला मडगावला आणू का? त्याला ताळ्यावर कसं आणू?"

ताई,

तीन प्रश्न विचारलेत, पण तुमचं उत्तर ज्या ओळीत आहे तिच्यावरून तुम्ही घाईने पुढे गेलात. साडेनऊचा फोन. हप्ता आणि मडगाव सध्या बाजूला ठेवा.

फोन अर्धा तास चालतो असं धरू. महिन्याचे पंधरा तास झाले. या पंधरा तासांत आई तुमच्याशी भावाबद्दल बोलते, तुम्ही आईशी भावाबद्दल बोलता, आणि भाऊ पलीकडच्या खोलीत असतो. स्वयंपाकघरात त्याची बायको असते, जिला तुमच्या पत्रात नावही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला फोन लावता तेव्हा काल तो किती प्यायला, कोणावर ओरडला, सगळं तुम्हाला ठाऊक असतं. कोणी सांगितलं हे त्यालाही ठाऊक असतं. मग तो कशाला उचलेल? तो ऐकत नाही म्हणता. तो रोज रात्री साडेनऊला ऐकतोच आहे.

आता आईकडे बघा. "बाय, तूं तरी सांग गो ताका" म्हणून ती फोन ठेवते, मन हलकं होतं, झोप लागते. सकाळी त्याच मुलाला भाकरी वाढते आणि डिझेलला पैसे काढून देते. जे त्याच्या तोंडावर बोलायचं, ते रात्री तुमच्यापाशी बोलून झालेलं असतं. ओहोटीला मानशीची, म्हणजे खाजणाच्या बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेची, दारं उघडावीत, साचलेलं पाणी वाहून जावं आणि बांध होता तसाच राहावा, तसा हा फोन आहे. आईला त्याने आराम मिळतो, नाही कसा? पण त्या आरामावरच घर आहे तसं टिकून आहे.

मरे बोवेन हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ. १९५४ पासून पाच वर्षं त्यांनी वॉशिंग्टनजवळच्या सरकारी संशोधन संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसोबत आधी त्यांच्या आयांना, मग वडिलांना आणि भावंडांनाही वॉर्डातच राहायला ठेवलं. एकट्या रुग्णाकडे बघून जे दिसत नव्हतं, ते अख्खं कुटुंब समोर आल्यावर दिसू लागलं. दोघांतला ताण असह्य झाला की तिसऱ्याला ओढून घेतलं जातं. आणि एकाने जास्त उचललं की दुसरा तेवढंच कमी उचलतो. एक दिवसेंदिवस कर्ता दिसतो, दुसरा नाकर्ता. तुमच्या घरात कर्ती कोण आहे, ते मी सांगायला नको. सात समजुतदार फोन करून तुम्ही त्याला दर आठवड्याला हेच सांगता, की तुझं तुला जमत नाही.

म्हणून एकच काम करायचं. आईशी त्याच्याबद्दल बोलणं थांबवायचं. फोन थांबवायचा नाही, हे नीट समजून घ्या. फोन बंद केलात तर आईला वाटेल लेकीने टाकलं, आणि ते खोटंही नसेल.

हे फोनवर जाहीर करू नका. रविवारी दिवसाढवळ्या डिचोलीला जा, आई एकटी असताना सांगा: "आई, त्याच्याबद्दल काही असेल तर ते त्यालाच सांग. मी तुझ्याशी तुझ्याबद्दल बोलणार." इतकंच. कारणं देत बसू नका. प्रत्येक कारणाला आईकडे उत्तर असेल आणि बोलणं पुन्हा त्याच्यावरच येईल. रात्री विषय निघाला की हेच वाक्य एकदा म्हणा आणि लगेच तिची विचारपूस करा: गुडघा, प्रेशरची गोळी, कुळागरातली सुपारी, देवळातलं भजन. दुसऱ्यांदा निघाला तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, "आई, उद्या बोलूया," आणि हळूच फोन ठेवा. दुसऱ्या दिवशी साडेनऊला तुम्हीच लावा. हे चुकवू नका.

पुढे काय होईल? बोवेन यांनी याचे तीन टप्पे सांगितले आहेत: तुझं चुकतंय, पूर्वीसारखी हो, नाही झालीस तर बघ काय होतं ते. पहिल्या आठवड्यात आई म्हणेल, तूही बदललीस. मग तुमच्या मावशीचा फोन येईल, कारण तुमची जागा भरायला कोणीतरी तिसरं लागणारच. मावशीलाही तेच वाक्य सांगा. त्यानंतर कदाचित आईचं प्रेशर चढेल, किंवा तो एखाद्या रात्री नेहमीपेक्षा जास्त पिईल. आजारपण असेल तर जा, डॉक्टरकडे न्या, पण गाडीत त्याचा विषय नको. बहुतेकांचं नेमकं इथेच फसतं. बारा दिवस धीर धरतात, तेराव्या रात्री पाघळतात. मग आईला कळतं की बारा दिवस लावून धरलं की लेक ऐकते, आणि पुढच्या वेळी ती वीस दिवस लावून धरते. दोन महिने पाळता येणार नसेल तर सुरूच करू नका.

तो आईवर किंवा बायकोवर हात उगारत असेल तर मात्र यातलं काहीही लागू नाही. ११२ ला फोन करा.

हप्ता आत्ता थांबवू नका. तुम्ही जामीनदार आहात, चुकला तर तुमचाही सिबिल स्कोअर पडेल. बँकेतल्या बाईला मी हे काय सांगावं. शिवाय दोन दोऱ्या एकदम ओढल्या तर कुठली गाठ सुटली ते कळणार नाही. हप्त्याचं दोन महिन्यांनी, आणि तेही आईला मध्ये न घेता त्याच्याशी समोरासमोर.

आणि "उद्यापासून दारू बंद" अशी शपथ त्याच्याकडून घेऊ नका, कोणाला घेऊही देऊ नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत हे उपचार होतात.

राहिला भाऊ. त्याला समजावायला फोन करू नका. तुम्हाला खरंच नडलेलं, आणि त्याला खरंच कळतं असं काहीतरी विचारा. खनिजाने भरलेला टिपर त्या लाल धुळीच्या रस्त्यांवरून वर्षानुवर्षं हाकणाऱ्या माणसाला गाडीतलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं. चढणीला तुमच्या गाडीचा क्लच घसरतो का, टायर एकाच बाजूने झिजलेत का, असं काही असेल ते विचारा. तो दोन शब्दांत बोलेल, "मेकॅनिकाक दाखय" म्हणून ठेवून देईल. आई कशी आहे, ते विचारू नका. मेकॅनिकने काय सांगितलं ते पुढच्या रविवारी त्याला कळवा.