ऑपेरातले बास गायक आवाज उतरल्यावरच दिग्दर्शनाकडे वळतात का?

सगळेच नाही. रशियन बास गायक फ्योदर शाल्यापिनचंच बघा. पीटर्सबर्गच्या मारीन्स्की थिएटरात १९११ साली त्याने संगीतकार मुसोर्गस्कीचा 'खोवान्श्चिना' हा ऑपेरा बसवला, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. गळा ऐन भरात होता आणि त्याच प्रयोगात दोसिफेयची मोठी भूमिकाही तोच गात होता.

बास म्हणजे पुरुषाचा सगळ्यात खालचा, खर्जाचा आवाज. ऑपेरातली प्रेमगीतं बहुतेक टेनरच्या, म्हणजे पुरुषाच्या उंच आवाजाच्या वाट्याला जातात. बासकडे येतात राजे, धर्मगुरू, म्हातारे बाप आणि सैतान. ही माणसं नुसत्या गोड गळ्यावर उभी राहत नाहीत. माझ्या मते शाल्यापिनच्या दिग्दर्शनाचं मूळ इथे आहे.

कझानच्या गरीब घरातला हा मुलगा काही दिवस चांभाराच्या हाताखाली होता. तिफ्लिसमध्ये उसातोव या गायकाने त्याला फी न घेता शिकवलं. पण खरी शाळा म्हणजे मॉस्कोतली उद्योगपती मामोंतोवची खाजगी ऑपेरा कंपनी. तिथे कोरोविन, व्रुबेल यांच्यासारखे चित्रकार पडदे रंगवायचे आणि तरुण संगीतकार राख्मानिनोव शाल्यापिनकडून संगीत पक्कं करून घ्यायचा. रंगभूषाही शाल्यापिन स्वतःच करायचा, चित्र काढावं तशी.

१८९८ मध्ये त्याला 'बोरिस गोदुनोव' गायचा होता. बोरिस म्हणजे बालराजपुत्राच्या खुनाचं ओझं मनावर वागवणारा झार. शाल्यापिन सुरांवर थांबला नाही, तो थेट इतिहासकार क्ल्युचेव्स्कींकडे गेला. दोघं रानातून फिरत असताना क्ल्युचेव्स्कींनी धूर्त दरबारी शुइस्की स्वतः वठवून दाखवला! मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. भूमिका बोरिसची, पण समोरचा शुइस्की कसा बोलेल, कसा बघेल हे कळल्याशिवाय आपला बोरिस खरा होणार नाही, हे त्याला पंचविशीत उमगलं होतं. दिग्दर्शकाची नजर याहून वेगळी काय असते?

म्हणून 'खोवान्श्चिना' त्याच्याकडे येणं मला स्वाभाविक वाटतं. मुसोर्गस्कीने अपुरा ठेवलेला हा ऑपेरा संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवने पूर्ण केला, तरी शाही थिएटर्सनी तो १८८३ मध्ये नाकारला होता. दोसिफेय हा धर्मसुधारणा न मानणाऱ्या जुन्या पंथाचा पुढारी. शेवटी सगळा पंथ स्वतःला आगीच्या स्वाधीन करतो. इथे एकट्या नायकाचं गाणं पुरत नाही, कोरसमधल्या प्रत्येकाला आपण का मरतोय हे ठाऊक असावं लागतं.

पुढे १९२२ मध्ये त्याने रशिया सोडला तो कायमचा, आणि १९३८ मध्ये पॅरिसला वारला.

ऐकायचं असेल तर लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये १९२८ साली चालू प्रयोगात ध्वनिमुद्रित झालेला बोरिसचा मृत्यू ऐका. तेव्हा तो ५५ वर्षांचा होता. अखेरचे काही शब्द तो गातोय की बोलतोय, हे इतक्यांदा ऐकूनही मला ठरवता आलेलं नाही.