शिबिर बिघडतं कुठे?

प्रश्न : मुलगा 8 वर्षांचा, ऑटिझम (स्वमग्नता) आहे, दोन-तीन शब्दांत बोलतो. मे महिन्यातल्या शिबिरात आनंदाने घेतलं, पण तिसऱ्या दिवशी तो जमिनीवर लोळून ओरडला आणि 'उद्यापासून पाठवू नका' असा निरोप आला. दिवाळीच्या शिबिरासाठी पुन्हा विचारू का?
– एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर : जरूर विचारा. मात्र त्याआधी तेव्हाच्या ताई-दादांकडून एवढंच काढून घ्या, की ओरडणं सुरू झालं तेव्हा नेमकं काय चाललं होतं. बहुतेकदा उत्तर येतं, 'काहीच नाही हो, रांगेत उभे होतो.' घोळ तिथेच असतो. खेळ चालू असताना काय करायचं ते मुलाला कळतं, पण दोन खेळांच्या मधली 10 मिनिटं रिकामी असतात. बाकीची मुलं खोड्या काढून ती घालवतात. याच्या वाट्याला पत्र्याच्या शेडखाली घुमणारा गलका आणि न संपणारी रांग. पहिले दोन दिवस तो रेटून नेतो, तिसऱ्या दिवशी शीण बाहेर पडतो.

म्हणून तयारी या मधल्या वेळाची करा. दिवसाचा क्रम 5-6 फोटोंत लावा: त्याच हॉलचा, त्याच नळाचा, त्याच गेटचा फोटो. छापील चित्रातला नळ आणि तिथला नळ एकच, हे बऱ्याच मुलांना पटकन जुळत नाही. फोटो लॅमिनेट करून वेलक्रोने पट्टीवर चिकटवा. काम संपलं की त्याने स्वतः फोटो काढून 'झालं'च्या पाकिटात टाकायचा. रांगेसाठी 3 मिनिटांचं वाळूचं घड्याळ, आणि हातात काम: शंकू गोळा करणं, चटया मोजणं. शिबिराच्या दोन दिवस आधी रिकाम्या हॉलमध्ये 20 मिनिटं फिरवून आणा, बाथरूमसकट. फ्लशच्या आवाजाला बिचकून दिवसभर लघवी दाबून ठेवणारी मुलं असतात. कान झाकणारे हेडफोन द्यायचे असतील तर घरी आठवडाभर सवय करा.

आयोजकांकडून तीन गोष्टी मागा. शिट्टीऐवजी झेंडा. कोपऱ्यात पडद्याआड एक चटई, जिथे तो केव्हाही जाऊन परत येऊ शकेल. ती शिक्षेची जागा झाली की संपलंच. आणि ओरडू लागला तर समजूत घालणं बंद: एकाने दोन हात अंतरावर गप्प बसायचं, बाकीच्या मुलांना दुसरीकडे न्यायचं. त्या वेळी प्रत्येक शब्द म्हणजे आणखी एक आवाज.

सहल उपवन किंवा तलावपाळीसारख्या तलावाकाठी असेल तर फक्त त्याच्यासाठी एक मोठं माणूस ठरवून ठेवा. पाण्याकडे धावणारी मुलं या गटात बरीच असतात, आणि 'सगळे मिळून लक्ष ठेवू' म्हणजे कुणीच ठेवत नाही.

प्रश्न : आम्ही शाळेनंतरचे वर्ग चालवतो, 22 मुलं, दोन ताई. 7 वर्षांची स्वमग्न मुलगी येणार आहे. आईला वर्गात बसवावं का?
– नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : पहिले तीन दिवस बसू द्या, मग दाराबाहेर, मग जिन्यात. कायम बसल्या तर मुलगी प्रत्येक गोष्टीला आईकडेच बघेल. 22 मुलांना दोन ताई मुळातच अपुऱ्या आहेत, तिसरी घ्या. पण ती फक्त या मुलीची नको. मदतनीस चिकटली की मुलं 'हिला खेळायचंय का?' हे तिलाच विचारतात, मुलीला कुणी विचारत नाही. जोडीला रोज वेगळं मूल द्या, नाहीतर एकाच शहाण्या मुलीवर सांभाळायचं ओझं पडतं. डबा घरचाच असू द्या. पोह्यात मऊ बटाटा आणि कुरकुरीत शेंगदाणा एकत्र, ही काही मुलांना छळवणूक वाटते. हट्ट समजू नका.

प्रश्न : शिबिरवाले अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागतात. द्यावं का?
– कोपरी, ठाणे

उत्तर : मुलाला सांभाळायला त्याचा उपयोग नाही. ते सरकारी सवलतींसाठी लागतं. त्याऐवजी एक पान द्या: 'नको' कसं दाखवतो, लघवीची खूण कोणती, कशाने घाबरतो, कशाने शांत होतो, औषध, दोन फोन नंबर. शिबिर सरकारमान्य शाळेचं असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 16 वं कलम दाखवा. खेळ आणि करमणुकीत बरोबरीने घेणं हे त्यात शाळांचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे.