वाचक विचारतात : ग्रेट्स्की की ओवेच्किन?

प्रश्न : सर, माझे जावई कॅनडात, मिसिसागाला असतात. व्हिडिओ कॉलवर त्यांचा आणि माझ्या मुलाचा आइस हॉकीवरून वाद जुंपतो. जावई म्हणतात, वेन ग्रेट्स्कीसारखा फॉरवर्ड झाला नाही. मुलगा म्हणतो, ॲलेक्स ओवेच्किनने त्याच्या गोलांचा विक्रम मोडला, विषय संपला. आकड्यांवरून निकाल लागेल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : लागेल, पण नुसत्या बेरजेने नाही.

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मुख्य व्यावसायिक लीग. तिच्या नियमित हंगामांत ग्रेट्स्कीचे १४८७ सामन्यांत ८९४ गोल. ओवेच्किनने ८९५वा गोल केला ६ एप्रिल २०२५ रोजी, तोही नेमक्या स्वतःच्या १४८७व्या सामन्यात! म्हणजे सामन्यांनी भागून काहीच हाती लागत नाही. भागायचं ते काळाने. १९८१-८२ मध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सरासरी ८ गोल होत, २००७-०८ मध्ये साधारण साडेपाच. माल उदंड झाला की भाव उतरतो. फोंड्याच्या बाजारात मानकुराद आंब्याचं मे महिन्यात तेच होतं. आता याच दोन हंगामांतली दोघांची सर्वोत्तम कामगिरी घ्या. ग्रेट्स्कीचे ८० सामन्यांत ९२ गोल, म्हणजे सामन्याला १.१५. ओवेच्किनचे ८२ सामन्यांत ६५, म्हणजे ०.७९. पहिल्याला ८ने भागा, दुसऱ्याला साडेपाचने. दोन्हीकडे उत्तर ०.१४! सामन्यातल्या एकूण गोलांत दोघांचा वाटा सारखाच. असं गणित सुटलं की मला फार आनंद होतो.

पण फॉरवर्डचं काम गोलापाशी थांबत नाही. या खेळात गोलाआधी पास देणाऱ्या दोघांपर्यंत असिस्टचं श्रेय मिळतं. ग्रेट्स्कीचे असिस्ट १९६३, ओवेच्किनचे २०२४-२५ हंगामाअखेर सातशेहून थोडे अधिक. ग्रेट्स्कीच्या सगळ्याच असिस्टना ८ विरुद्ध साडेपाचचा तोच कडक भागाकार लावला तरी तेराशेवर उरतात. फातोर्ड्याला फुटबॉल पाहतानाही मला हे खुपतं : गोल करणाऱ्याला सगळे मिठ्या मारतात, बचाव फोडणारा पास देणाऱ्याकडे कुणी बघत नाही. म्हणून माझा कौल जावयांच्या बाजूने.

मुलाच्या हातात मात्र एक आकडा देतो. ग्रेट्स्कीने अखेरच्या हंगामात, वयाच्या ३८व्या वर्षी, ७० सामन्यांत ९ गोल केले. ओवेच्किनने ३९व्या वर्षी, मधेच पायाचं हाड मोडूनही, ६५ सामन्यांत ४४. यावर जावई काय म्हणतात, ते जरूर कळवा.